गिटारमधली 'घूंऽऽ' आणि घरातलं अर्थिंग (या भागाची लिखित आवृत्ती)

हा भाग ऐकताना शक्यतो इयरफोन लावा असं ऑडिओत सांगितलं होतं. तुम्ही वाचत असाल तरी कारण सांगून ठेवतो. आज ज्या आवाजाबद्दल बोलायचंय, त्याचा सगळ्यात खालचा भाग मोबाइलच्या छोट्या स्पीकरमधून जवळजवळ ऐकूच येत नाही. त्यामुळे होतं काय, की आपण गाणं मोबाइलवर ऐकतो, 'एकदम क्लीन आहे' म्हणतो आणि पाठवून देतो. मग तेच गाणं कुणीतरी गाडीत किंवा लग्नाच्या मोठ्या स्पीकरवर लावतो आणि गाण्याच्या खाली सतत एक 'घूंऽऽऽ' चालू असतं. फ्रीज गातोय असं वाटतं.

माझ्या बाबतीत नेमकं हेच झालं.

काय झालं होतं?

मी लोणखेड्याला घरूनच काम करतो, सॉफ्टवेअरचं. संध्याकाळी लॅपटॉपवरचं ऑफिस बंद झालं की त्याच टेबलावर आमचा 'स्टुडिओ' उघडतो. स्टुडिओ म्हणजे एक यूएसबी ऑडिओ इंटरफेस, एक माइक, दोन स्पीकर आणि मावसभावाची इलेक्ट्रिक गिटार. तो लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजवतो. मागच्या उन्हाळ्यात एका अहिराणी गाण्यासाठी त्याची गिटार रेकॉर्ड करायची होती.

गिटार जोडली, थोडं डिस्टॉर्शन लावलं आणि त्याने वाजवायच्या आधीच हेडफोनमध्ये 'घूंऽऽझर्रर्र' सुरू. तो म्हणाला, "भाऊ, हाई काय वाजी ऱ्हायनं रे?"

मी म्हटलं, केबल खराब असेल. केबल बदलली. आवाज तसाच. इंटरफेस दुसऱ्या पोर्टला लावला. तसाच. मग एक मजेशीर गोष्ट लक्षात आली. भाऊ अनवाणी फरशीवर उभा राहून तारांना हात लावायचा, तेव्हा आवाज निम्म्याहून कमी व्हायचा. चपला घातल्या की परत वाढायचा. आम्ही हसलो आणि ठरवलं, चला, अनवाणी वाजव. त्या रात्री तसंच रेकॉर्डिंग केलं.

ती हसण्याची गोष्ट नव्हती, हे मला दोन दिवसांनी कळलं. त्यावर येतोच. आधी हा आवाज असतो काय ते बघू.

तीन आवाज, तीन चोर

आपण सगळ्यालाच 'नॉइज' म्हणतो, पण नीट कान दिला तर तीन वेगळे प्रकार ऐकू येतात.

पहिला 'घूंऽऽ'. जाड, खालचा, गोल आवाज. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० वेळा पुढे-मागे होते, म्हणजे ५० हर्ट्झ. त्यामुळे ही घूं ५० वर किंवा तिच्या दुपटीवर, म्हणजे १०० हर्ट्झवर असते. ही मुख्यतः ट्रान्सफॉर्मर आणि मोटरच्या चुंबकीय क्षेत्रातून येते, नाहीतर ग्राउंड लूपमधून.

दुसरा 'झर्रर्र'. माशी बाटलीत अडकल्यासारखा धारदार आवाज. हा त्याच विजेचा, पण वरच्या पट्ट्यांतला कचरा. इलेक्ट्रॉनिक फॅन रेग्युलेटर, लाइट कमी-जास्त करायचा डिमर, काही स्वस्त एलईडी बल्ब आणि चौकोनी लहरीचा इन्व्हर्टर हे याचे नेहमीचे कारखाने. रेग्युलेटर आणि डिमर प्रत्येक लहरीचा तुकडा कापून वेग किंवा उजेड कमी करतात. कापलेल्या कडा टोकदार असतात आणि त्या टोकांचाच हा झर्रर्र.

तिसरा 'चीं' किंवा 'टिडिक टिडिक'. चीं लॅपटॉपच्या आतून यूएसबीवाटे येते. माउस हलवला की तिचा सूर बदलतो, त्यावरून ओळखायची. टिडिक टिडिक म्हणजे २जी नेटवर्कवर असलेला मोबाइल. तो सेकंदाला साधारण २१७ वेळा झटके देत सिग्नल पाठवतो आणि गिटारचा पिकअप ते पकडतो. उपाय सोपा: रेकॉर्डिंग करताना फोन फ्लाइट मोडवर टाकून दुसऱ्या खोलीत.

पिकअप हे सगळं पकडतो कसा?

इलेक्ट्रिक गिटारमध्ये माइक नसतो. तारांच्या खाली चुंबक असतो आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची तार हलली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वेढ्यांमध्ये वीज तयार होते. पण त्या वेढ्यांना काय माहीत, क्षेत्र गिटारच्या तारेने हलवलं की शेजारच्या स्टॅबिलायझरने! जे हललं ते पकडलं.

आणि मग डिस्टॉर्शन. समजा तुम्ही सिग्नल ४० डेसिबलने वाढवला. म्हणजे १०० पट. तुमची घूं आधी मुंगीएवढी होती, आता ती शंभर मुंग्यांची रांग. म्हणून क्लीन आवाजात कळत नाही आणि डिस्टॉर्शन लावलं की सगळं उघडं पडतं.

या दुखण्यावर जुना आणि सुंदर उपाय गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हर या इंजिनिअरने काढला. त्याने १९५५ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला आणि १९५९ मध्ये ते मिळालं. युक्ती शाळेतल्या गणितासारखी आहे. एकाऐवजी दोन कॉइल घ्यायच्या. दुसरीचे वेढेही उलटे आणि चुंबकही उलटा. बाहेरून येणारी घूं फक्त वेढ्यांची दिशा बघते, त्यामुळे ती एका कॉइलमध्ये अधिक आणि दुसरीत उणे येते. बेरीज शून्य. तारेचा सूर मात्र वेढे आणि चुंबक दोन्ही बघतो. उणे गुणिले उणे अधिक, म्हणून तो दोन्ही कॉइलमध्ये अधिकच येतो. बेरीज दुप्पट. हाच हंबकर, म्हणजे घूं मारणारा.

भावाची गिटार स्ट्रॅटोकास्टरच्या धाटणीची, तीन सिंगल कॉइलवाली. बहुतेक नव्या स्ट्रॅट धाटणीच्या गिटारींमध्ये मधला पिकअप मुद्दाम उलटा गुंडाळलेला असतो. त्यामुळे पाच जागांच्या स्विचवर दुसऱ्या आणि चौथ्या जागेला दोन पिकअप मिळून हंबकरसारखं काम करतात. एक पैसा खर्च न करता करायचा हा पहिला प्रयोग. स्विच २ किंवा ४ वर टाका आणि ऐका. घूं पडली तर चोर चुंबकीय क्षेत्रातून येतोय.

चोर शोधायची पद्धत

आम्ही सॉफ्टवेअरवाले बग कसा शोधतो? कोड अर्धा करायचा, कुठल्या अर्ध्यात बग आहे ते बघायचं, मग तो अर्धा पुन्हा अर्धा. इथेही तेच करा.

एक, गिटारचा व्हॉल्यूम शून्य करा. आवाज गेला तर तो पिकअपमधून आत येत होता. राहिला तर केबल, इंटरफेस किंवा पॉवरकडे बघा.

दोन, गिटार हातात घेऊन जागेवर हळूहळू गोल फिरा. एखाद्या दिशेला घूं एकदम पडते. चुंबकीय घूंची ही सही आहे. ती दिशा लक्षात ठेवा, खुर्ची तशी वळवा. मग खोलीत फिरा. ट्रान्सफॉर्मरचं क्षेत्र अंतराबरोबर फार झपाट्याने कमी होतं, त्यामुळे दोन-तीन पावलंसुद्धा खूप असतात. आमच्याकडे फ्रीजचा स्टॅबिलायझर भिंतीच्या पलीकडे, नेमका टेबलामागे होता. टेबल समोरच्या भिंतीला नेलं आणि घूं अर्धी झाली. चुंबकीय क्षेत्र भिंतीला विचारत नाही.

तीन, एकेक वस्तू बंद करा. फॅन रेग्युलेटर, ट्यूबलाइट, कूलर. रेग्युलेटरचा फॅन पूर्ण वेगावर ठेवूनही बघा, बहुतेक वेळा झर्रर्र कमी होतो. आता आमच्याकडे मे महिन्यात फॅन-कूलर बंद करून रेकॉर्डिंग म्हणजे काय असतं ते खानदेशातल्या माणसालाच विचारा. आम्ही एक टेक घ्यायचो आणि पाच मिनिटं कूलरसमोर बसायचो.

चार, लाइट गेली की बघा. इन्व्हर्टरवर झर्रर्र वाढला, तर तुमचा इन्व्हर्टर चौकोनी लहरीचा आहे. साइन वेव्हचा इन्व्हर्टर एवढा त्रास देत नाही.

पाच, तारांना हात लावा. आवाज थोडा कमी होणं हे नॉर्मल आहे. आपलं शरीर खोलीतल्या विजेचं अँटेना असतं, तारांना हात लावला की ते ग्राउंडला जोडलं जातं. तारांना लावून काहीच फरक नाही, पण केबलच्या धातूच्या जॅकला लावून फरक पडतो, तर गिटारच्या ब्रिजला जोडणारी आतली वायर तुटलीय. ती पुन्हा सोल्डर करायची.

आणि सहा. तारा, जॅक किंवा माइक यांना हात लावल्यावर बोटांना झिणझिण्या आल्या, किंवा आमच्यासारखं चपलांवर आवाज कमी-जास्त झाला, तर तिथेच थांबा. गिटार खाली ठेवा.

झिणझिण्यांचा अर्थ

दोन दिवसांनी भाऊ गिटार वाजवता वाजवता माइकमध्ये गायला गेला. हात तारांवर, ओठ माइकच्या जाळीला लागले आणि तो दचकून मागे झाला. माइक दुसऱ्या खोलीतल्या बोर्डवर लावलेल्या मिक्सरला जोडलेला होता. "करंट लागला," म्हणाला. मी म्हटलं, यूएसबीच्या पाच व्होल्टवर कसला करंट?

आता माझ्याकडे बीटेकची डिग्री आहे, पण त्या क्षणी तिचा काही उपयोग झाला नाही. उपयोग झाला वायरमनकाकांचा. ते आले, मीटर लावला आणि मला दाखवलं. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० च्या आसपास, बरोबर. न्यूट्रल आणि अर्थमध्ये एखाद-दोन व्होल्ट यायला हवे होते. आले शंभरच्या वर. त्यांनी बोर्ड उघडला. तीन पिनांच्या सॉकेटला हिरवी वायर होती, पण ती पुढे कुठेच जात नव्हती. आत टोकाला टेप गुंडाळून ठेवलेली. म्हणजे सॉकेटला तिसरं भोक होतं, अर्थिंग नव्हतं.

मग ते शंभर व्होल्ट आले कुठून? लॅपटॉपच्या चार्जरमध्ये कचरा गाळायला छोटे कपॅसिटर असतात. तीन पिनांच्या चार्जरमध्ये एक फेजकडून अर्थकडे, दुसरा न्यूट्रलकडून अर्थकडे. अर्थ जोडलेलं असेल तर किरकोळ करंट जमिनीत निघून जातो. अर्थ तुटलेलं असेल तर मधला बिंदू लटकतो आणि २३० च्या निम्म्यावर, ११५ च्या आसपास जाऊन बसतो. तिथून लॅपटॉपची बॉडी, यूएसबी, इंटरफेस, केबलची जाळी आणि गिटारच्या तारा, सगळे त्या व्होल्टवर. करंट फार थोडा असतो, म्हणून झिणझिण्यांवर निभावतं. धातूच्या लॅपटॉपला हात लावल्यावर मुंग्या येतात ना, तेच हे.

आणि म्हणूनच अनवाणी उभं राहिलं की आवाज कमी होत होता. तो करंट भावाच्या अंगातून फरशीत जात होता. आमच्या घराचं अर्थिंग म्हणजे माझा मावसभाऊ होता.

पण खरी भीती पुढे होती. काकांनी एक्स्टेन्शन बोर्डकडे बोट दाखवलं आणि विचारलं, "हा कूलर पण इथंच लावता का?" हो, इथंच. पत्र्याचा कूलर, आत पाणी, पाण्यात पंप. बोर्डातली अर्थची पट्टी सगळ्या सॉकेटना सामाईक असते. ती जमिनीला जोडलेली नसेल, तर एका वस्तूतला बिघाड दुसऱ्या वस्तूंच्या बॉडीवर येतो. उद्या पंपाची वायर सोलली जाऊन फेज कूलरच्या पत्र्याला लागला असता, तर ते २३० व्होल्ट, आणि या वेळी पूर्ण ताकदीने, त्याच पट्टीवरून गिटारच्या तारांवर आले असते. आणि तारांवर हात कुणाचा?

ही घाबरवायला सांगितलेली गोष्ट नाही. स्टोन द क्रोज या बँडचा गिटारवादक लेस हार्वी ३ मे १९७२ रोजी वेल्समधल्या स्वॉन्झी इथे स्टेजवर अर्थिंग नीट नसलेल्या माइकला हात लागून गेला. यार्डबर्ड्सचा गायक कीथ रेल्फ १९७६ मध्ये स्वतःच्या घरी इलेक्ट्रिक गिटार वाजवताना शॉक लागून गेला. दोघंही माझ्या-तुमच्या वयाच्या आसपासचेच.

मग काय केलं?

अर्थिंग नव्याने केलं. अंगणात खड्डा, त्यात पाइप, भोवती कोळसा आणि मीठ, तिथून वायर थेट मेन बोर्डापर्यंत. उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी टाकायचं काम आता माझं आहे. माती कोरडी पडली की तिच्यातून वीज नीट वाहत नाही आणि अर्थिंग नावापुरतं राहतं. सोबत मेनला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवली. करंट जातो तेवढा परत येत नाही, म्हणजे कुठेतरी गळतोय, असं दिसलं की ती क्षणात लाइन तोडते. साधा एमसीबी हे करत नाही. तो वायर वाचवतो, आरसीसीबी माणूस वाचवते.

हे काम मी स्वतः केलं नाही आणि तुम्हीही करू नका. २३० व्होल्टमध्ये मीटर घालायचं काम जाणकार वायरमनचं. आपण फक्त प्रश्न विचारायचा: "काका, या सॉकेटला अर्थ खरंच आहे का, मीटर लावून दाखवा."

अर्थ आल्यावर संध्याकाळी गिटार जोडली. झर्रर्र बहुतेक गेला. चपला घातल्या, काढल्या, काही फरक नाही. मला तर त्या शांततेचाच जास्त आनंद झाला.

एक सल्ला जो कधीच ऐकू नका

ऑर्केस्ट्रात कुणी ना कुणी सांगतंच: "घूं येते? अर्थची पिन तोडून टाक." आणि वाईट म्हणजे कधीकधी घूं खरंच जाते. कारण तिथे ग्राउंड लूप असतो.

ग्राउंड लूप म्हणजे दोन वस्तू दोन वाटांनी अर्थला जोडलेल्या. लॅपटॉप या भिंतीच्या सॉकेटला, स्पीकर त्या भिंतीच्या, आणि मध्ये ऑडिओ केबलची जाळी. गोल पूर्ण झाला. दोन्ही सॉकेटच्या अर्थमध्ये थोडा जरी फरक असला तरी त्या गोलातून ५० हर्ट्झचा करंट फिरतो आणि घूं होते. पिन तोडली की गोल तुटतो, पण सोबत जीव वाचवणारी वाटही तुटते.

गोल तोडायचाच, पण ऑडिओच्या बाजूने. सगळं सामान एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या, कूलर आणि फ्रीज सोडून. इंटरफेस ते स्पीकर बॅलन्स्ड केबल वापरा. तरी घूं राहिली तर मध्ये डीआय बॉक्स घालून त्याचं 'ग्राउंड लिफ्ट' बटण दाबा. ते ऑडिओ केबलची जाळी तोडतं, विजेच्या अर्थला हात लावत नाही.

गिटारच्या आत

उरलेल्या झर्रर्रसाठी गिटार उघडून आतल्या पोकळीला तांब्याची चिकटपट्टी लावता येते. सगळे तुकडे एकमेकांना आणि ग्राउंडला जोडलेले हवेत, नाहीतर तीच पट्टी अँटेना होते. ॲल्युमिनियम फॉइलही चालते, पण तिला साधा सोल्डर धरत नाही, स्क्रूखाली दाबून जोड द्यावा लागतो. एवढं लक्षात ठेवा की पातळ तांबं झर्रर्र अडवतं, घूं अडवत नाही. ५० हर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र त्यातून आरपार जातं. त्याला अंतर, दिशा किंवा हंबकर हेच उपाय. मुंबईच्या बँजो पार्टीत इलेक्ट्रिक बँजो वाजवणाऱ्यांनाही हेच लागू, त्यातही पिकअपच असतो.

सॉफ्टवेअर सगळ्यात शेवटी

आता तुम्ही म्हणाल, तू सॉफ्टवेअरवाला, एक फिल्टर लाव आणि मोकळा हो. मीही आधी तेच केलं. पण गणित बघा. गिटारचा सगळ्यात खालचा सूर, मोकळी जाड ई तार, साधारण ८२ हर्ट्झ. म्हणजे ५० ची घूं ७०-८० च्या हाय-पास फिल्टरने बिनधास्त कापता येते. पण १०० ची? जाड ई तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरचा जी आहे ९८ हर्ट्झ. १५० ची? मोकळी डी तार आहे १४७. घूं कापायला गेलात तर सूरही कापला जातो. आमच्या पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये जी वाजला की गिटारचा जीवच गेल्यासारखा वाटायचा, तो असा.

म्हणून आधी घर नीट करा, मग सॉफ्टवेअर. रेकॉर्डिंग सुरू करताना तारांवर हात ठेवून दहा सेकंद काहीच वाजवू नका. वाजवताना हात तारांवरच असतात, त्यामुळे गोंगाटाचा खरा नमुना तोच. ऑडॅसिटीच्या नॉइज रिडक्शनला तो नमुना द्या आणि हलक्या हाताने वापरा. जास्त लावलं की गिटार पाण्याखालून वाजल्यासारखी होते. वाजवणं थांबतं तिथली शांतता नॉइज गेटने साफ करा. गेट डिस्टॉर्शनच्या आधी ठेवा, म्हणजे मुंगी शंभर व्हायच्या आधीच पकडली जाते.

ते अहिराणी गाणं आम्ही पुन्हा पहिल्यापासून रेकॉर्ड केलं. या भागाच्या ऑडिओत शेवटी आधीचे दहा सेकंद आणि नंतरचे दहा सेकंद एकापाठोपाठ लावलेत. इयरफोन लावून ऐका.

आणि आज एकच काम करा. तुमच्या ग्रुपमध्ये जो गिटार, कीबोर्ड, बँजो वाजवतो किंवा डीजेचं काम करतो, त्याला विचारा: "कधी झिणझिण्या आल्यात का?" तो हसून 'हो, नेहमीच येतात' म्हणाला, तर त्याला हा भाग पाठवा आणि वायरमनकाकांना फोन लावून द्या.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत वाजवत राहा!